मोबदला, मावेजा, पायमल्ली

सांगोल्याकडे 'शेत' हा शब्द कागदावर असतो. तोंडात 'रान' असते. रानात गेलाय, रान नांगरलं, रान वाटून घेतलं. संस्कृत 'अरण्य' प्राकृतात 'रण्ण' झाले आणि मराठीत 'रान'. देशाच्या दक्षिण भागात या शब्दाने जंगल सोडले आणि काळी असो की मुरमाड, कसलेल्या जमिनीचा अर्थ धरला. हे रान सरकारने घेतले की माणसे म्हणतात, 'रान गेलं'. सरकारने घेतलं असे म्हणत नाहीत, आम्ही दिलं असेही म्हणत नाहीत. नुसते गेलं.

नेले कोणी, हे क्रियापद सांगत नाही. ते काम विभक्तीने पत्करले आहे. रस्त्यासाठी घेतलेली जमीन रस्त्यात जाते, धरणासाठी घेतलेली धरणात, कॅनॉलसाठी घेतलेली कॅनॉलात. लष्करासाठी घेतलेली जमीन 'लष्करात गेली' असे मात्र कोणी म्हणणार नाही. लष्करात पोरगा जातो. जमीन 'लष्कराला' जाते, नाहीतर 'मिलिटरीकडं' जाते. रस्त्यात गेलेल्या जमिनीवरून उद्या एसटीने का होईना आपण जातो, धरणात गेलेली उन्हाळ्यात पाणी उतरले की बांधासकट दिसते. लष्कराला गेलेल्या जमिनीभोवती तार असते आणि तारेवर फलक. सप्तमी आणि चतुर्थी यांतला हा फरक व्याकरणाच्या पुस्तकात सापडणार नाही, पण बोलणाऱ्यांनी तो चोख पाळला आहे.

सांगोला तालुक्याला जमीन जाण्याचा ताजा अनुभव आहे तो रस्त्याचा. रत्नागिरी-नागपूर महामार्ग, क्रमांक १६६, सांगली ओलांडून बोरगाव, वाटंबरे, मंगळवेढा असा सोलापूरला जातो. या रस्त्याने तालुक्याला नवे शब्द दिले: थ्री-ए, थ्री-डी, थ्री-जी. १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्यातली ही कलमे. जमीन घेण्याचा इरादा, मग घेतल्याची घोषणा, मग रक्कम ठरवणे. 'आमचं थ्री-डी झालंय, थ्री-जी राहिलंय' हे वाक्य चहाच्या टपरीवर ऐकू आले तर ते मोबाइलबद्दल नसते.

लष्कराचा अनुभव मात्र उत्तरेकडचा, अहिल्यानगरचा. तिथे रणगाडा दलाचे केंद्र आणि त्याचे सरावाचे मैदान आहे, 'के. के. रेंज'. नाव ऐकून कुणा गोऱ्या साहेबाची आद्याक्षरे वाटतात. आहेत ती खारे कर्जुने या गावाची. गावाचे नाव लष्करी नकाशावर चढले आणि दोन अक्षरे होऊन परत आले. आता त्या गावांतली माणसेही 'केके रेंज'च म्हणतात. राहुरी, पारनेर आणि नगर तालुक्यांतल्या २३ गावांत या मैदानासाठी आणखी जमीन जाणार, ही चर्चा २०२० मध्ये पुन्हा उठली तेव्हा निवेदने, बैठका, दिल्लीच्या वाऱ्या सगळे झाले. त्यातली कित्येक कुटुंबे मुळा धरणात जमिनी गेल्यावर तिथे येऊन वसलेली, म्हणजे एकदा सप्तमी भोगून आता चतुर्थीच्या दारात उभी.

या निवेदनांत एक शब्द हमखास सापडतो: पायमल्ली. शेतकऱ्यांच्या हक्कांची पायमल्ली. आंदोलनाच्या भाषेत तो इतका गुळगुळीत झाला आहे की आपण त्यावरून सहज पुढे जातो. पण लष्कर आणि शेत यांच्यामध्ये उभा राहिलेला हा मराठीतला सगळ्यात जुना शब्द असावा. फारसीत 'पा' किंवा 'पाय' म्हणजे पाऊल आणि 'पायमाल' म्हणजे पायाखाली तुडवलेले. फौज उभ्या पिकातून गेली की जे होते ते पायमाली. मोगल अमलात हा महसुली शब्द होता. फौजेने कूच केल्यावर तुडवलेल्या पिकाचा अंदाज घ्यायला माणसे नेमत आणि रयतेला तेवढी रक्कम किंवा साऱ्यात तेवढी सूट देत, निदान कागदावर तरी तसे ठरलेले असे. त्या सुटीलाही पायमालीच म्हणत. नुकसान आणि नुकसानीची भरपाई, दोन्हींना एकच नाव. मराठी दफ्तरात शिरताना शब्दाने एक 'ल' जास्त घेतला, आणि पुढे शेतातून उठून तो कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसला. आता पिकाची पायमल्ली कोणी म्हणत नाही. हक्कांची होते, नियमांची होते, आचारसंहितेची होते.

फौज आणि पीक यांचे हे नाते शिवाजी महाराजांच्या कारभारातही दिसते. चिपळूणजवळ हलवर्णला घोडदळाची छावणी पडली होती, तिथल्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेले १६७० च्या दशकातले पत्र प्रसिद्ध आहे. त्याचा रोख कोरड्या उपदेशाचा नाही, हिशेबाचा आहे. पावसाळ्यासाठी साठवलेले दाणे आणि गवत आताच उधळले तर पुढे तुम्ही कुणब्यांच्या घरी शिराल, आणि मग रयतेला वाटेल की यापेक्षा मोगल बरे. पायमल्ली झाल्यावर भरून देण्यापेक्षा ती होऊच न देणे स्वस्त पडते, हे त्या पत्रलेखकाला पक्के ठाऊक होते.

गंमत अशी की पायमालीची ही जुनी व्यवस्था इंग्रजांनी १९३८ मध्ये जवळजवळ जशीच्या तशी पुन्हा लिहिली. युद्धसराव, मैदानी गोळीबार आणि तोफखाना सराव यांसाठीचा तो कायदा आजही चालू आहे. सैन्य सरावाला निघाले की जिल्हाधिकाऱ्याने महसूल अधिकारी त्याच्या सोबत धाडायचे आणि वाटेत जे नुकसान होईल त्याची रक्कम त्यांनी ठरवायची, असे त्यात लिहिले आहे. मोगलांचा अमीन गेला, नायब तहसीलदार आला. फौजेमागून हिशेब करत चालणारा माणूस काही सुटला नाही.

'छावणी' हा शब्दही इथलाच. छावणे म्हणजे शाकारणे. पावसाळ्यात मोहिमा थांबत, फौज एका जागी राही आणि तंबूंऐवजी शाकारलेल्या झोपड्या उभ्या राहत, ती छावणी. पुढे कायमची ठाणी झाली तरी नाव तेच राहिले. सांगोल्यात आज छावणी म्हटले की लष्कर कोणाच्या डोक्यातही येत नाही. तिथे छावणी म्हणजे जनावरांची, चारा छावणी. २०१२-१३ ची आणि २०१८-१९ ची. खिलार बैल, जर्सी गाई आणि त्यांच्यासोबत मुक्कामाला आलेली म्हातारी माणसे. लष्करातून निवृत्त होऊन दुष्काळी कामावर रुजू झालेला शब्द म्हणायचा.

आता शीर्षकातला पहिला शब्द. 'मोबदला' हा अरबी 'मुबादला'. ब-द-ल हे त्याचे मूळ. बदल, बदली, बदला, अदलाबदल ही सगळी त्याचीच पिलावळ. सोलापूरच्या गिरण्यांत 'बदली कामगार' असत, तेही याच घराण्यातले. मुबादला म्हणजे एक वस्तू देऊन दुसरी घेणे. त्यात पैसा असायलाच हवा असे नाही. पेशवाईच्या कागदांत मोबदला येतो तेव्हा तो पुष्कळदा खराच मोबदला असतो: कोणाची इनाम जमीन सरकारात घेतली, त्याच्या मोबदला अमुक गावी तेवढीच जमीन लावून दिली. रानाला रान. सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात बैलाला बैल लावून वर काही पैसे देण्याचा व्यवहार ज्याने पाहिला आहे त्याला हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. सरकारी भाषेने मात्र शब्द ठेवला आणि अदलाबदल काढून टाकली. आज मोबदला म्हणजे खात्यावर जमा होणारी रक्कम. 'जमिनीच्या बदल्यात जमीन' ही मागणी धरणग्रस्तांनी पन्नासेक वर्षे लावून धरली. खरे तर ते मोबदल्याचा मूळ अर्थच परत मागत होते.

भीमेच्या पलीकडे, धाराशिवच्या बाजूला गेले की मोबदला मागे पडतो आणि 'मावेजा' सुरू होतो. तुळजापूर-उमरग्याचा शेतकरी 'मावेजा मिळाला का?' असे विचारतो. बार्शी-मोहोळचा 'मोबदला' म्हणतो किंवा 'पैसे'. ही सीमा भाषेची नव्हे, जुन्या राज्यांची आहे. सोलापूर जिल्हा मुंबई इलाख्यात, कागद मोडीत आणि मराठीत. पलीकडे निजामाचे राज्य, महसुलाचे दफ्तर आधी फारसीत आणि मग उर्दूत, थेट १९४८ पर्यंत. हिंदी-उर्दूतला 'मुआवजा' मराठवाड्याच्या तोंडात मावेजा झाला. संस्थान खालसा झाले, तलाठी बदलले, दफ्तर मराठीत आले. मावेजा तिथेच राहिला. मराठवाड्यातल्या वार्ताहराने बातमीत तो लिहिला की पुण्यातला उपसंपादक आजही तो खोडून 'नुकसानभरपाई' करतो. ही बाकी विनाकारण पायमल्ली.

मुआवजाचे अरबी मूळ 'इवज'. त्याचा अर्थ बदली, एकाच्या जागी दुसरे. याच मुळापासून मराठीला दोन शब्द मिळाले आणि ते एकमेकांचे भाऊ आहेत हे पाहूनही ओळखू येत नाही. एक 'ऐवजी': चहाऐवजी ताक. दुसरा 'ऐवज': चोरट्यांनी लाखाचा ऐवज लांबवला. ऐवज आधी बदल्यात दिलेला द्रव्यभाग होता. मग नुसता द्रव्यभाग झाला, दागदागिने आणि रोकड. कशाच्या बदल्यात, हा प्रश्न वाटेत गळाला. मोबदल्याचे झाले तेच ऐवजाचे झाले: अदलाबदल गेली, ऐवज उरला.

घेण्याच्या क्रियेला मराठी राज्यकारभाराने 'संपादन' हा शब्द निवडला. संपादणे म्हणजे मिळवणे, सिद्धीस नेणे. विद्या संपादन करतात, विश्वास संपादन करतात. भूसंपादन अधिकाऱ्याच्या बाबतीत या दोन वापरांची सहसा गाठ पडत नाही. हिंदीत यालाच 'भूमि अधिग्रहण' म्हणतात. मराठीतही अधिग्रहण आहे, पण त्याचा अर्थ दुष्काळाने शिकवला आहे. टंचाईच्या उन्हाळ्यात तहसीलदार पाणी असलेली खासगी विहीर गावासाठी ताब्यात घेतात, ते 'विहीर अधिग्रहण'. निवडणुकीला जीपगाड्या घेतात, तेही अधिग्रहण. पाऊस पडला की विहीर परत, मतमोजणी झाली की जीप परत. संपादनात परत नाही. सांगोल्याच्या माणसाला हा फरक पारिभाषिक कोशातून कळलेला नाही. ज्या विहिरीवर सरकारी टँकर भरले आणि ज्या विहिरीवरून रस्ता गेला, त्या दोन्ही त्याला माहीत आहेत.

जाता जाता एक: हिंदीत 'रक्षा मंत्रालय', मराठीत 'संरक्षण मंत्रालय'. आपल्याकडे 'रक्षा' म्हणजे राख, तिचे विसर्जन करतात. उपसर्ग लावून मराठीने प्रसंग निभावला.

आता किंमत ठरवण्याकडे वळू, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे. सातबाऱ्यावर क्षेत्राखाली एक शब्द असतो: 'आकार'. त्यापुढे रुपये आणि पैसे, बहुधा इतके थोडे की शहरातल्या वाचकाला तो छपाईचा दोष वाटावा. संस्कृतात आकार म्हणजे रूप, घडण. मराठी दफ्तरात तो झाला एकूण बेरीज आणि मग जमिनीवर बसवलेला सारा. आकारणे, आकारणी, आकारबंद हे सगळे त्यातून आले. विजेचे बिलही आकारतात, दंडही आकारतात. रूप देण्याचा शब्द पैसे लावण्यासाठी का आला असेल, याचे उत्तर सांगोल्यापासून फार लांब नाही, इंदापुरात आहे. १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी तिथे नव्या पद्धतीची पाहणी सुरू केली. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तो गुंठा. ४० गुंठ्यांचा एकर. मातीची खोली हातांनी मोजायची, रंग पाहायचा, खडे, चोपण, उतार असे दोष वजा करायचे आणि सोळा आण्यांच्या मानाने नऊ प्रतींपैकी एकीत ती बसवायची. पावणेदोन हात खोल काळी माती म्हणजे सोळा आणे. माणदेशच्या माळाला त्यात काय मिळाले असेल ते सांगायला नको. तेव्हा जमिनीचा आकार खरोखरच तिच्या रूपावरून ठरला.

हा आकार शतकभर जमिनीच्या किमतीचे माप म्हणून वापरला गेला. १९४८ च्या कूळकायद्यात कुळाने मालकाला द्यायची किंमत आकाराच्या पटींत ठरली, कमीत कमी २० पट आणि जास्तीत जास्त २०० पट. सरकारला जमीन वर्षाला किती देते, यावरून ती किती मोलाची हे ठरवायचे. शहरात घरांबाबत हेच तत्त्व 'करयोग्य मूल्य' या नावाने चालते. सांगोल्याच्या नगरपालिका हद्दीत एखादे घर वर्षाला किती भाड्याने जाऊ शकेल ते धरायचे, त्यातून दुरुस्तीचे दहा टक्के वजा करायचे, उरले ते करयोग्य मूल्य. मग मालक त्यात स्वतः राहत असो की कुलूप लावून पुण्याला गेलेला असो.

कर लावायचे माप आणि विकत घ्यायचे माप एकच असते तर भांडण नव्हते. पण आकारणी कमी व्हावी असे प्रत्येकाला वाटते आणि मोबदला जास्त मिळावा असेही प्रत्येकाला वाटते, आणि जमीन तीच असते. सातबाऱ्यावरचे शब्द इथे हिशेबाला येतात. 'जिरायत' हा अरबी 'जिराअत', म्हणजे नुसती शेती. 'बागायत' बागेवरून. मराठीने शेतीच्या शब्दाचा अर्थ आखडून तो कोरडवाहूपुरता ठेवला, जणू पाणी असेल तर ती शेती नव्हेच, बाग आहे. भूसंपादनाच्या निवाड्यात जिरायत आणि बागायत यांचे दर वेगळे. मग तलाठ्याच्या पीकपेऱ्यात काय लिहिले आहे ते पाहतात, आणि अनेकदा तिथे डाळिंबाच्या सातव्या वर्षाच्या बागेसमोर 'पड' लिहिलेले निघते.

त्याहून वाईट शब्द 'पोटखराब'. पोट म्हणजे इथे आतला, पोटातला. पोटहिस्सा, पोटकूळ, पोटकलम म्हणतात तसा. गटाच्या पोटातली लागवडीला नालायक जागा ती पोटखराब, तिला आकार नाही. ज्यांनी हे ठरवले त्यांना डाळिंब ठाऊक नव्हते. हलक्या, मुरमाड, पाण्याचा निचरा होणाऱ्या जमिनीत हे झाड खूश असते, आणि जुन्या पाहणीने ज्या खडकाळ तुकड्याला दोन आणेही दिले नसते तिथे ठिबकवर सांगोल्याच्या बागा उभ्या राहिल्या. याच मालामुळे देशातल्या शंभराव्या किसान रेल्वेचा मान सांगोल्याला मिळाला; २८ डिसेंबर २०२० रोजी ती इथून बंगालमधल्या शालिमारला सुटली. त्यातल्या काही पेट्या कागदोपत्री नालायक जमिनीतून आल्या असतील, त्याची नोंद अर्थात रेल्वेकडे नाही. संपादनाच्या वेळी झाडांची किंमत कृषी खाते वेगळी काढते, पण जमिनीची प्रत मात्र सातबारा सांगेल ती.

मग बाजारभाव. २०१३ चा नवा भूसंपादन कायदा सांगतो की आसपासच्या मागच्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांपैकी चढ्या भावाची निम्मी घ्या, त्यांची सरासरी काढा; ती आणि मुद्रांकासाठीचा सरकारी दर यांतले जे जास्त ते धरा. ऐकायला रास्त. पण खरेदीखतावर खरा भाव लिहितो कोण? जनावरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवतात, बाहेर उभ्या माणसाला फक्त रुमाल हलताना दिसतो. जमिनीच्या व्यवहारातही मुद्रांक वाचवण्यासाठी खरा आकडा रुमालाखाली राहतो आणि कागदावर सरकारी दर तेवढा उमटतो. दहा जणांनी असे केले की गावाचा 'बाजारभाव' तयार होतो, आणि अकराव्याची जमीन सरकार त्या भावाने घेते. 'कवडीमोल भावाने जमिनी लाटल्या' असे आपण म्हणतो तेव्हा ती कवडी कधीकधी आपल्याच खरेदीखतातून बाहेर पडलेली असते. हे निवेदनात कोणी लिहीत नाही, पण कट्ट्यावर सगळे बोलतात.

'मूल्य' शब्दाला हे सगळे मानवणारे नाही. पाणिनीने तो 'मूल' वरून साधला आहे, मुळावरून. मराठी 'मोल' त्याचेच रूप. झाडाच्या मुळाचा आणि मोलाचा संबंध सांगायला डाळिंबवाल्यांना पाणिनी लागत नाही. तेल्या रोगात बाग उपटताना तो त्यांनी हिशेबासकट पाहिला आहे.

जमीन लष्कराला गेली की आणखी एक आकडा हलतो, आणि त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. तो ग्रामपंचायतीच्या वहीतला. राज्यघटनेच्या २८५ व्या अनुच्छेदाप्रमाणे केंद्र सरकारच्या मालमत्तेवर राज्याला किंवा राज्यातल्या स्थानिक संस्थेला कर लावता येत नाही. काल ज्या वस्तीवर घरपट्टी होती ती उद्या संरक्षण खात्याची झाली की पंचायतीच्या मागणी नोंदवहीतून तेवढी ओळ जाते. दिवाबत्ती, रस्ता यांसाठी सेवाशुल्क म्हणून काही मागता येते, पण ते मागणे झाले. सातबाऱ्यावरचा आकारही जातो, जमीन बिनआकारी होते. बिनआकारी! संस्कृतच्या शिक्षकाला हा शब्द परब्रह्माचा वाटेल.

'पट्टी' या शब्दाचे सांगोल्यात दुहेरी जगणे आहे. घरपट्टी, पाणीपट्टी ही द्यायची पट्टी. शिवकाळात राज्याभिषेकाच्या निमित्ताने सिंहासनपट्टी बसवली होती, तेव्हापासून हा अर्थ पक्का आहे. पण डाळिंब बाजारात गेल्यावर आडत्या जो कागद देतो तीही पट्टी. किती पेट्या, काय भाव, हमाली, तोलाई, आडत वजा जाता हाती काय. 'पट्टी आली का?' या प्रश्नात आशा असते, 'पट्टी भरली का?' यात जप्तीची भीती. ज्याची जमीन लष्कराला गेली त्याची या दोन्ही पट्ट्यांतून सुटका होते.

सक्तीने घेतल्याबद्दल जी वरकड रक्कम मिळते तिचे मराठी नाव 'दिलासा रक्कम'. फारसीत 'दिल-आसा', मनाला आराम देणारे. सरकारी परिभाषेत इतका हळवा शब्द दुसरा नसेल. इंग्लंडमध्ये सक्तीच्या खरेदीवर दहा टक्के जास्त देण्याची जुनी चाल होती, ती १९१९ च्या कायद्याने बंद झाली. आपल्याकडे उलटे झाले. १८९४ च्या कायद्यात दिलासा १५ टक्के होता, १९८४ मध्ये ३० झाला, २०१३ मध्ये थेट १०० टक्के. शिवाय ग्रामीण जमिनीसाठी एक ते दोन पटींचा गुणक. कागदावर दिलासा वाढतच गेला आहे हे मान्य करायला हवे. पूर्वीच्या पिढीला हे मिळाले नाही.

मात्र २०१३ च्या याच कायद्यात लष्करासाठी एक वेगळी वाट आहे. नेहमीच्या पायऱ्या गाळून तातडीने जमीन घ्यायची मुभा चाळिसाव्या कलमाने ठेवली आहे, ती फक्त देशाचे संरक्षण, राष्ट्रीय सुरक्षा, नैसर्गिक आपत्ती आणि संसदेने मान्य केलेली अन्य आणीबाणी यांपुरती. ताब्यापूर्वी ऐंशी टक्के रक्कम दिली पाहिजे, आणि घाई केल्याबद्दल ठरलेल्या मोबदल्यावर आणखी पंचाहत्तर टक्के. त्याच्याच पाठोपाठ एक परंतुक येते: देशाचे सार्वभौमत्व, अखंडता किंवा सामरिक हित गुंतलेल्या प्रकल्पांना ही पंचाहत्तर टक्क्यांची वाढ लागू नाही. म्हणजे घाईचा मुख्य अधिकार ज्यांच्यासाठी, घाईचा दंडही बहुतेक त्यांनाच माफ. रणगाड्याच्या मैदानाला सामरिक हित म्हणायचे की नाही यावर वकिलांच्या फिया होतील. मराठी कायद्याच्या पुस्तकांत 'परंतु' हा शब्द किती महागाचा असतो ते इथे कळते.

राहिला 'भरपाई'. नुकसान अरबी, पण भरपाई अस्सल देशी: भर पावणे, पुरते मिळणे. जुन्या व्यवहारात भरपाई ही रक्कम नव्हतीच, ती पावती होती. सावकाराने कुळाला, किंवा घेणाऱ्याने देणाऱ्याला लिहून द्यायची: सगळे पैसे भरून पावलो, आता काही मागणे नाही. या अर्थाने पाहिले तर भरपाई सरकार देतच नाही. सरकार पैसे देते आणि भरपाई शेतकरी लिहून देतो. आणि हे नुसते शब्दाचे कौतुक नाही. १८९४ च्या कायद्यात होते आणि २०१३ च्या कायद्यातही कायम आहे: निवाड्याची रक्कम ज्याने विनातक्रार उचलली त्याला ती वाढवून मागण्यासाठी पुढे दाद मागता येत नाही. म्हणून भूसंपादन कार्यालयाच्या व्हरांड्यात पावतीवर सही करणाऱ्या प्रत्येकाला शेजारचा वकील, कारकून किंवा आधी हात पोळलेला भाऊबंद बजावत असतो, 'अण्णा, नुसती सही करू नका, आधी हक्क राखून लिहा.' काही जण 'अंडर प्रोटेस्ट' असे देवनागरीत लिहितात, तेही चालते. ते दोन शब्द लिहिले की जुन्या अर्थाची भरपाई होत नाही, रक्कम तेवढी हातात येते, आणि वाढीव मोबदल्याचा अर्ज करायला निवाड्याच्या वेळी हजर असलेल्याला सहा आठवडे उरतात.